पहिल्या वेच्याचा कापूस

२४ ऑक्टोबर १९८५, पांढुर्णा

सौंसरचे रघुनाथराव आज चहा पिऊन गेले आणि जाता जाता डोक्याला ताप देऊन गेले. माझी पुतणी छाया त्यांना पसंत आहे. मुलाला तर जरा जास्तच पसंत आहे. देण्याघेण्याची काही अट नाही. गाडी अडली ती पत्रिकेवर. छायाच्या बापाच्या नावामागे काय छापायचं, श्री. की कै.?

"मास्तर, राग मानू नका," ते म्हणाले, "पण आमच्याकडचे चार लोक विचारतील ना. कन्यादानाले कोन बसणार? तुमच्या वयनी कुंकू लावतात, अन् भाऊ तं चौदा वर्षांपासून घरी नाही. काय ते एक ठरवून टाका. माघात मुहूर्त आहे. तोवर झालं तं ठीक, नाही तं आमाले दुसरीकडं पाहावं लागंल."

बोलले अगदी सौम्यपणे, पण आई आतल्या खोलीत दारामागेच उभी होती. पाहुणे जाईपर्यंत ती बाहेर आली नाही.

दिलीप, माझा थोरला भाऊ, नौदलात होता. एकाहत्तरच्या लढाईत 'मैनाक' या जहाजावरून बंगालच्या उपसागरात पडला. प्रेत मिळालं नाही. सरकारने त्याला मयत ठरवलं, उर्मिला वहिनीला पेन्शन सुरू झालं. आईने मात्र ठरवलं नाही, आणि आमच्या घरात सरकारपेक्षा आईचं चालतं. म्हणून वहिनीचं कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, दर वटपौर्णिमेला वड आहे.

आमचे उपाध्ये वसंत गुरुजी म्हणतात, बारा वर्षं वाट पाहिली की पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देता येतो. त्यालाही दोन वर्षं उलटली. पण आईसमोर 'पळस' हा शब्द काढायची कोणाची छाती नाही. माझी तर नाहीच.

२७ ऑक्टोबर

हेडमास्तरांनी बोलावलं. दिलीप आमच्याच शाळेचा विद्यार्थी, म्हणून चार डिसेंबरच्या नौसेना दिनाला त्याचा फोटो हॉलमध्ये लावायचा म्हणाले. फोटो म्हटला की हार आला. मी म्हणालो, आईला चालणार नाही. मग मलाच सुचलं. फोटो नको, जहाजाचा इतिहास लिहू. 'मैनाक'ची युद्धसेवा. जहाजाच्या इतिहासाला हार घालावा लागत नाही.

पंधरा वर्षं पानिपत आणि प्लासी शिकवतोय. मुलं तारखा चुकवतात, मी दुरुस्त करतो. आता एकदा स्वतःचं काहीतरी लिहावं. मात्र एक ठरवलं आहे, यात ऐकीव काही घालायचं नाही. खरं असेल तेच लिहायचं, भावाबद्दल असलं तरी.

अडचण एवढीच की मी समुद्र पाहिलेला नाही. जाम नदीपलीकडे माझं पाणी नाही.

५ नोव्हेंबर

विशाखापट्टणमहून उत्तर आलं, एकच छापील पान. त्यावरून आज हे उतरवलं:

'मैनाक हे कॉर्व्हेट जातीचे, म्हणजे आकाराने लहान लढाऊ जहाज. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये घाईघाईने बांधले गेले. मालवाहू जहाजांच्या तांड्यांची राखण करणे आणि पाण्यात खोल जाऊन फुटणारी पिंपे टाकून पाणबुड्यांना पिटाळणे हे त्याचे काम. अटलांटिकमध्ये दोन हिवाळे काढले. युद्ध संपल्यावर भारताकडे आले व नवे नाव मिळाले. पुढे खलाशी शिकवण्याच्या कामी राहिले. १९७१ साली मोडीत काढण्याचे ठरले असतानाच युद्ध आले, आणि म्हातारे जहाज पुन्हा राखणीला निघाले.'

आईला वाचून दाखवलं. तिला जहाजाचं नावच आवडतं. हनुमान लंकेला उडाला तेव्हा मैनाक पर्वत समुद्रातून वर आला, त्याला म्हणाला, थोडं टेका. "तसंच काहीतरी आलं असंल दिलीपच्या पायाखाली," ती म्हणाली. "अंगात तरंगायचं जॅकेट होतं त्याच्या. कवडू संगंच होता जहाजावर, त्यानं सोता पाह्यलं. जॅकेटवाला मानूस बुडते काय? कुठं तरी लागला असंल काठाले. डोक्याले मार लागला असंल, नाव आठवत नसंल."

हे मी चौदा वर्षं ऐकतोय. आज चिडलो नाही, हेच खूप.

९ नोव्हेंबर

कवडू आला. हा रामाकोन्याचा. दिलीप आणि तो एकाच दिवशी भरती झाले, एकाच जहाजावर होते. तो परत आला. आता तिकडे संत्र्याचे बगीचे राखतो. दरवर्षी दिवाळीच्या आधी टोपलंभर संत्री घेऊन येतो, आईच्या पाया पडतो, आणि आमच्या घरात पाणीसुद्धा पीत नाही. माणूस चांगला आहे, पण घमेंड आहे. मागे एकदा गाडी चुकली म्हणून मुक्कामाला राहिला, तर वहिनीने घातलेली गादी गुंडाळून बाजूला ठेवली आणि उघड्या फरशीवर घोंगडी टाकून झोपला. आमची गादी काय चावते?

इतिहासासाठी त्याला बोलतं केलं. फार छान सांगतो. लोखंडी भिंतींना घाम येतो म्हणे. जेवताना ताट मांडीत दाबून धरावं लागतं. 'मैनाक' इतकं डोलायचं की जुने खलाशीसुद्धा ओकायचे, दिलीप मात्र नाही. "गोटमारीत जामच्या पुरात उभा राहून गोटे चुकवणारा पोरगा तो," कवडू म्हणाला, "नदीतला पळस दोनदा तोडून आणला होता त्यानं. त्याले काय होते!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे चालतात, आणि पात्रात रोवलेला पळस तोडून आणायचा असतो.

आई ऐकत होती, हसत होती. मग मी विचारलं, "आता शेवटचा दिवस सांग. तो पडला कसा?"

"लाट आली अन् गेला," तो म्हणाला आणि उठला.

"तू पाहिलं ना? मग नीट सांग. रघुनाथराव अडून बसलेत. बुडताना पाहिलं असं कोणी सांगितलं तर पुढचं काही करता येईल."

"म्या पडताना पाह्यलं. मंग जहाज पुढं गेलं." आईकडे न बघता चप्पल घालून निघून गेला. आईने हाका मारल्या, फराळाचं बांधून देते म्हणाली. थांबला नाही.

१७ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. आज वहिनीशी बोलता बोलता एक रत्न हाती लागलं!

एकाहत्तरच्या दिवाळीत दिलीप सुट्टीवर आला होता, तेव्हा आईकडून कापूस घेऊन गेला हे मला आठवतंच. आमच्या तिगावच्या शेतात सीतादही करून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचलेला पहिला कापूस. तो आई विकत नाही, देवाच्या वातींना ठेवते. त्या वर्षी दिलीपने हट्ट केला म्हणून तिने तो दिला. सरकी काढून घेतली, पिंजाऱ्याला अंगणात बसवून सकाळपासून पिंजून घेतला. इतकी हलकी रुई की श्वासाने उडावी. दोस्तांच्या उशांसाठी हवी, असं तो आईला म्हणाला होता.

उशांसाठी नव्हतीच ती! वहिनीला त्याने खरं सांगितलं होतं. जहाजावरची जीव वाचवायची जॅकेटं इंग्रजांच्या काळची. आत सावरीचा कापूस, दाबून दाबून त्याची चपटी भाकर झालेली, काहींत उंदरांनी घरं केलेली. नवी यायची होती, ती आली नव्हती. दिलीप म्हणाला, कापूस कशाला म्हणतात ते आपल्याला शिकवायला नको. पुढे पत्रात त्याने कळवलं की आपलं आणि कवडूचं जॅकेट उसवलं, सावर फेकून दिली आणि घरची रुई ठासून भरली.

"मले म्हणे, कोणाले सांगू नको, सायेब ओरडन," वहिनी म्हणाली. किती वर्षांनी तिला असं हसताना पाहिलं.

पांढुर्ण्याचा कापूस लढाऊ जहाजावर! हे कुठल्या छापील पानात मिळणार? लगेच एक परिच्छेद लिहून काढला. बरा उतरला आहे.

१९ नोव्हेंबर

आईला तो परिच्छेद वाचून दाखवला. 'ज्या मातेने नैवेद्य दाखवून वेचलेला कापूस दिला, तोच वीराच्या छातीशी अखेरपर्यंत होता.' मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल, पाठीवरून हात फिरवेल.

"उशीत नव्हता भरला?" एवढंच विचारलं.

"नाही ना आई. जॅकेटात. अंगात होतं तेच."

तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग ती देवघरात गेली. हिला साहित्यातलं कळत नाही, चालायचंच.

२१ नोव्हेंबर

आई आता खरंच म्हातारी झाली. शाळेतून आलो तर अंगणात पाण्याची बादली, वर रुईचा पुंजका तरंगतोय, आणि ही पाटावर बसून त्याकडे बघतेय. शेजारी मिठाची बरणी, जवळजवळ रिकामी. सगळं मीठ पाण्यात!

"पाय शेकतं काय?" मी विचारलं. "हो," म्हणाली. पाय तर कोरडे होते, पाणीही गार.

मधूनच बोटाने पाणी हलवायची, ढवळायची, पुन्हा बघायची. दिवेलागणीला पाहिलं तर रुई वर नव्हती, बादलीच्या तळाशी जाऊन बसली होती. आई ते पाणी संत्र्याच्या आळ्यात ओतायला निघाली तेव्हा मी ओरडलो, मिठाने झाड मरेल ना! तिने बिचारीने मुकाट्याने बाहेर नालीत ओतलं. ओली रुई पिळून मुठीत धरून बसून राहिली. जेवली नाही. फराळाचं बाधलं असेल.

२६ नोव्हेंबर

आईने वाती वळणं सोडलं. हात दुखतात म्हणते. बाजारातून तयार वाती आणल्या.

रघुनाथरावांचा निरोप आला. मार्गशीर्षातल्या अमावास्येपर्यंत कळवा, नाही तर दुसऱ्या गावचे पाहुणे आलेलेच आहेत. छायाने ऐकलं. भांडी घासायला बसली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. आपल्या बापाचा चेहरा तिला आठवत नाही, आणि तो मेला की नाही यावर तिचं सगळं अडलं आहे.

१ डिसेंबर

आज जे ऐकलं ते लिहू की नको, असं करत दोनदा वही मिटली. लिहितो.

सकाळच्या बसने रामाकोन्याला गेलो. कवडू बगीच्यात फांद्यांना टेकू लावत होता. लेखाची अखेर जुळत नाही, तू शेवटचा दिवस सांगितल्याशिवाय हलणार नाही, असं म्हणालो. आणि त्याला खूश करावं म्हणून कापसाचा परिच्छेद वाचून दाखवला.

त्याच्या हातातला बांबू खाली पडला.

"हे कोन सांगतलं तुमाले?"

"वहिनीने."

"मायले वाचून दाखोलं?"

"हो. दोनदा. काहून?"

तो झाडाच्या बुंध्याशी खाली बसला. "बाप्पा, काय करून बसले गुरुजी तुमी. चौदा वर्षं म्या तोंड नाही उघडलं."

मग तो सांगत गेला. त्याच्याच शब्दांत उतरवतो.

"सावर पानी पेत नाही, गुरुजी. म्हनून भरतात ती. कापूस पेते. पन आपल्याले काय मालूम? गावात हिरीवर रुई उडून पडते ते तरंगतच राह्यते ना? आमी बादलीत टाकून पाह्यली होती. तरंगली. दिलीप म्हणे, पाह्य, फस्ट क्लास. दिवसभर ठेवली असती तं समजलं असतं. पन जहाज सुटून राहिलं होतं.

"त्या दिवशी दुपार होती. खाली पाणबुडी आहे म्हनून भोंगा झाला. जहाज गर्रकन वळलं, पार आडवं झालं, अन् मागून लाट आली. मी कठडा धरून होतो. तो दोर गुंडाळून राहिला होता. पाह्यतो तं पाण्यात. अन् हात वर करून हासून राहिला होता, गुरुजी! जॅकेटाचा भरोसा होता त्याले. म्या तरंगायचं कडं फेकलं, ते वाऱ्यानं भलतीकडं गेलं. वर सांगतलं. कप्तान म्हणे, आता थांबलो तं सगळेच जातील. त्याचं बी खोटं नव्हतं. मोठा फेरा घेऊन परत आलो, अर्धा घंटा झाला असंल.

"तवा तो गळ्यापावतर पाण्यात होता. जॅकेट त्याले वर धरत नव्हतं, खाली ओढून राहिलं होतं. दोन्ही हातानं नाड्या सोडून राहिला होता. भिजल्या गाठी सुटतात काय? सोताच शिवल्या होत्या त्यानं, मजबूत. आमी दोर टाकला. दोर त्याच्या खांद्याले लागला, गुरुजी. पन हात गाठीत. माह्याकडं पाह्यलं त्यानं. मंग गेला."

मग तो पुढे बोलला.

"माह्या जॅकेटात बी तोच कापूस. विझागले आल्यावर दोर बांधून धक्क्यावरून सोडलं. पहिले तरंगलं. जेवून येऊन पाह्यतो तं दोर ताठ. मी पडलो असतो तं मी गेलो असतो.

"सुट्टीत आलो तं माय म्हणे, पोराच्या अंगावर काही होतं काय रे? म्या म्हटलं, जॅकेट होतं माय. खोटं नव्हतं ना ते! तं तिनं हात जोडले मले. म्हणे, मंग जिवंत आहे. तवापासून मले तुमच्या घरचा घोट उतरत नाही. तिले कसं सांगू, का माय, तुह्याच कापसानं बुडवला त्याले?"

परतताना बसमध्ये चारी बाजूंना कापसाची शेतं. फुटलेली, पांढरी. मी डोळे मिटून घेतले. त्या गादीबद्दल मी काय काय लिहिलं आहे याच वहीत. लाज वाटली.

२ डिसेंबर

परिच्छेद फाडला. एकच गोष्ट नशिबाची. आईला समुद्रातलं काही कळत नाही. सावर काय, कापूस काय, तिला काय ठाऊक! मी वाचलं ते तिने ऐकलं आणि सोडून दिलं. नाही तर माझ्याच तोंडून तिच्या काळजात सुरी गेली असती.

४ डिसेंबर

शाळेत स्कॉटलंड आणि अटलांटिक वाचलं. टाळ्या पडल्या. एकाहत्तरपाशी थांबलो. हेडमास्तर म्हणाले, शेवट राहिला. मी म्हणालो, माहिती अपुरी आहे.

८ डिसेंबर

कवडूला जामसांवलीला बोलावलं. मारुतीसमोर, पिंपळाखाली बसलो. मीच विषय काढला.

आईला तो बुडाला हे सांगायलाच हवं, नाही तर छायाचं लग्न मोडतं. पण जॅकेट असताना कसा बुडाला, हे ती विचारणारच. म्हणून जॅकेट त्याच्या अंगावर नको. त्याने ते काढून दुसऱ्याला दिलं, असं सांगायचं.

"कोनाले?" कवडूने विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग मारुतीकडे.

"म्हणजे मले."

"दुसरं कोणी नाव घेतलं तर ती त्याचा पत्ता विचारेल, कवडू."

"तिनं चौदा साल आधी विचारलं तवा म्या जॅकेट होतं म्हटलं. आता म्हणू का ते माह्या अंगात होतं? त्याचं घेऊन मी जगलो अन् वरून खोटं बोललो?" बराच वेळ गवताची काडी चावत बसला. "वयनी काय म्हनंल? गाव काय म्हनंल?" मग उठून धोतर झटकलं. "म्हनू द्या. तसा बी जगलोच ना मी."

इतिहासात ऐकीव काही घालायचं नाही, असं मीच ऑक्टोबरात लिहिलं होतं. आता ऐकीव नाही, सरळ रचलेलं घालतोय. देवासमोर बसून रचलं. आणि त्याचा सगळा भार दुसऱ्याच्या डोक्यावर दिला.

१५ डिसेंबर

झालं एकदाचं. मी लेखाचा शेवट वाचला: 'जहाज कलंडले तेव्हा आपल्या सोबत्याच्या अंगात जॅकेट नाही हे पाहून दिलीपने स्वतःचे काढून त्याला दिले, आणि पुढच्याच लाटेत तो गेला.' कवडू मान खाली घालून उभा होता. "हो माय, खरं आहे. माह्या डोळ्यादेखत बुडाला. मी लपवून ठेवलं."

वहिनी जागची उठली. कवडूने येताना आणलेलं संत्र्यांचं टोपलं उचललं आणि अंगणातून रस्त्यावर फेकलं. "चौदा वर्षं संत्री चारली आमाले! माह्या नवऱ्याचा जीव अंगात घालून!" छायाने तिला धरून आत नेलं. संत्री रस्त्यावर घरंगळत गेली. कवडूने उचलली नाहीत. मी उचलली.

आई तशीच बसून होती. रडेल, कवडूला शिव्या देईल, मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे अंगावर काही नव्हतं त्याच्या? हलका होता ना?"

कवडूने पहिल्यांदा मान वर केली. "हलका होता, माय."

"मंग ठीक," ती म्हणाली. "मोरू, गुरुजीले सांग, कराचं ते करा."

वाटलं त्यापेक्षा फार सोपं गेलं. तिने एका शब्दाने शंका घेतली नाही.

१० जानेवारी १९८६, अमावास्या

आज दिलीपला अग्नी दिला.

सकाळी वसंत गुरुजींनी अंगणात पळसाच्या पानांचा पुतळा बांधला. डोक्याला नारळ, हातापायांना देठं. माणसाएवढा. जामच्या पात्रातला पळस तोडून खांद्यावर आणणारा तो, आणि आता पळसाचाच झाला. वहिनीच्या बांगड्या केसरबाई मावशीने फोडल्या. वहिनी एकदाही ओरडली नाही, मनगट पुढे करून दुसरीकडे बघत होती. तिला बारीक काच लागली होती, ती छाया नंतर काढत बसली होती.

कवडू फाटकाबाहेर उभा होता. कोणी आत ये म्हणालं नाही. मीही नाही. गावात गोष्ट पसरली आहे, लोक त्याच्याकडे बघून पुढे सरकत होते.

मढ्याच्या नाकाकानाला कापूस लावतात, तसा पुतळ्याला लावायचा म्हणून गुरुजींनी कापूस मागितला. मावशीने कोठीतून यंदाच्या पहिल्या वेच्याची मूठभर रुई आणून दिली. गुरुजी वाकले तेवढ्यात आई पुढे झाली. तिने त्यांचा हात धरला.

"कापूस नको, गुरुजी."

"माय, रीत आहे ना."

"राहू द्या रीत. एक तंतू नका लावू त्याले. आता तरी हलका जाऊ द्या."

तिने रुई त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदरात गच्च धरली. लोकांना वाटलं, दुःखाने बरळतेय. मला ती बादली आठवली. मिठाची रिकामी बरणी आठवली. तिरडी उचलायची होती, खांदा मलाच द्यायचा होता, आणि गुरुजींना मला दोनदा हाक मारावी लागली.

जामच्या काठी पळसाची पानं तडतडत जळली. फार वेळ लागला नाही.

२२ जानेवारी

तेरावं झालं. पत्रिका छापायला गेल्या, 'कै.' लावून. कन्यादानाला मी आणि माझी बायको सुमन बसणार. वहिनी आतल्या खोलीत राहील.

पंगत बसायच्या आधी आई स्वतः फाटकाशी गेली आणि कवडूला हाताला धरून आत आणलं. चार माणसं कुजबुजली. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती, आई तिला म्हणाली, "उर्मिला, पहिलं पान याचं." वहिनीने वाढलं नाही. मग आईनेच वाढलं, वरणभात, वडे, खीर. समोर बसली.

"खा रे. दिलीपच्या नावाचं आहे."

कवडूने घास घेतला. चौदा वर्षांत आमच्या घरचा पहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी पानात पडत होतं, पण तो खात राहिला. आईने पान रिकामं होईपर्यंत जागा सोडली नाही.

सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. काय विचारणार होतो कोण जाणे. तोंडून निघालं, "आई, तो लेख... शेवट थोडा बदलावा म्हणतो. कवडूवर उगाच..."

ती माझ्याकडे न बघता फरशी झाडत होती. "कवडूले मी पाहून घेईन. वयनीले बी समजावीन हळूहळू." मग हात थांबला. "पन शेवट तसाच राहू दे, मोरू. तुमी दोघांनी माह्यासाठी केला तो."